फॉल कलर्स: कँकामॅगस हायवेवर कधी जायचं, कुठून निघायचं

अमेरिकेतल्या व्हाइट माउंटन्समध्ये फॉल कलर्स, म्हणजे शरदात रंगणारी पानं, बघायला निघणारा प्रत्येक जण आधी विचारतो, ‘पीक (रंगांचा ऐन बहर) कधी?’ सगळ्या डोंगराला मिळून एक पीक नसतंच. रंग वरून खाली उतरतो आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो. म्हणून एका तारखेवर सगळं टांगून ठेवू नका. उंचीत भरपूर फरक असलेला रस्ता निवडा, म्हणजे अंदाज चार दिवस चुकला तरी कुठल्या ना कुठल्या वळणावर रंग सापडतोच.

न्यू हॅम्पशायरमधला कँकामॅगस हायवे (थोडक्यात ‘कँक’), म्हणजे रूट 112, याच कारणासाठी उत्तम. लिंकन ते कॉनवे असा हा सुमारे 34 मैलांचा रस्ता आहे. लिंकन साधारण 800 फुटांवर, कॉनवे त्याहून खाली आणि मधली खिंड 2,855 फुटांवर. दर हजार फुटांमागे तापमान साधारण 3.5 अंश फॅरनहाइटने उतरतं. म्हणजे खिंडीत गावापेक्षा सातेक अंश थंडी जास्त, आणि तिथली पानं गावाच्या आधी रंगतात.

ढोबळ वेळापत्रक असं: सप्टेंबरच्या मध्यावर पाणथळ जागांतले रेड मेपल लाल होतात. ते बघून घाईने निघू नका, ती फक्त सुरुवात असते. सप्टेंबरअखेर अगदी उत्तरेला डिक्सव्हिल नॉच रंगतं. कँकसाठी सप्टेंबरच्या शेवटापासून 10 ऑक्टोबरपर्यंतचे दिवस बहुतेक वर्षी चांगले. विनिपेसाकी तळ्याचा परिसर ऑक्टोबरच्या मध्यावर आणि राज्याच्या दक्षिणेचा मोनॅडनॉक भाग त्याहीनंतर. हॉटेल याच काळातलं, पण रद्द करता येईल असंच घ्या. पक्का दिवस आठवडाभर आधी ठरवा.

तो ठरवताना हवामान नीट वाचा. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हरितद्रव्य विरलं की तो दिसायला लागतो. त्यामुळे पिवळा जवळपास दरवर्षी मिळतो. लाल मात्र पानाला नव्याने तयार करावा लागतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा हवा, पण पानं गोठवणारं कडक दहिवर नको. आठवडाभर ढगाळ आणि उबदार हवा राहिली तर लाल फिका पडतो. उन्हाळा कोरडा गेला असेल तर कडा करपतात आणि पानं लवकर गळतात. जोराचा वारा-पाऊस येणार असेल तर त्याच्या आधी जा, नंतर नाही. राज्याच्या पर्यटन विभागाचा फोलिएज ट्रॅकर (कुठे किती रंग चढलाय ते दाखवणारा नकाशा) आणि माउंट वॉशिंग्टन ऑब्झर्व्हेटरीचे वेबकॅम रोज बघत राहा. समाजमाध्यमांवरचे फोटो गेल्या वर्षीचेही असू शकतात.

तिथे पोचल्यावर एखादं मेपलचं पान हातात धरून बघा. शिरांजवळ हिरवं उरलेलं आणि कडा लाल, तर अजून दिवस हातात आहेत. देठाला बोट लागताच पान गळून पडलं, तर पहिल्या वाऱ्यात झाड रिकामं होणार. अशा वेळी खालच्या दरीकडे वळा.

आता दिवस. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा, आणि तो लाँग वीकेंड टाळता आला तर टाळाच. नवरात्र-दसरा अनेकदा याच सुमारास येतो, तेव्हा मंडळाचे कार्यक्रम आधी बघून घ्या आणि मंगळवार ते गुरुवारमधला एखादा दिवस काढा. शनिवारी अकराला पोचलात तर पार्किंग शोधण्यातच दुपार जाते.

दिशा फार महत्त्वाची आहे. सकाळी कॉनवेहून पश्चिमेकडे निघा: ऊन पाठीशी राहतं, समोरची झाडं उजळलेली दिसतात आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. बोस्टनहून एका दिवसात करायचं असेल तर आय-93 महामार्गाने थेट लिंकन गाठण्यापेक्षा पहाटे रूट 16 ने कॉनवेला जा आणि परतताना लिंकनवरून आय-93 धरा. न्यू जर्सीहून येणाऱ्यांनी मुक्कामच करावा. एका बाजूलाच सहा तास लागतात.

निघण्यापूर्वी कॉनवेत टाकी भरा, मधे पेट्रोल पंप नाही. फोनला रेंजही धड नसते, म्हणून नकाशा डाउनलोड करून ठेवा. व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टच्या बऱ्याच पार्किंग जागांना दिवसाचे 5 डॉलर लागतात, अमेरिका द ब्यूटिफुल (राष्ट्रीय उद्यानांचा) पास असेल तर तो चालतो.

स्वच्छ रात्रीनंतर स्विफ्ट नदीच्या दरीत सकाळी धुकं असतं. ते विरेपर्यंत लोअर फॉल्स आणि ऑल्बनीचा छपराचा लाकडी पूल बघून घ्या. पुलाला उंचीची मर्यादा आहे, गाडीवर सामान बांधलं असेल तर पाटी वाचा. पुढे रॉकी गॉर्ज, मग सॅबाडे फॉल्स (पायवाट छोटी आहे, मुलं आरामात चालतात), आणि दुपारपर्यंत खिंड. खिंडीपलीकडे पेमिजेवॅसेट ओव्हरलुक पश्चिमेकडे बघतो, तिथे सूर्यास्तासाठी थांबणं सार्थकी लागतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पाऊण तास आधी पोचा. अंधार पडताना मूस (अवाढव्य हरणं) रस्त्यावर येतात. गडद अंगामुळे ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत, तेव्हा वेग कमीच ठेवा. ओल्या पानांवर गाडी घसरते, हेही ध्यानात असू द्या.

ढगाळ दिवस मिळाला तरी बेत मोडू नका. ओल्या झाडांचे रंग जास्त गहिरे दिसतात. फोटो काढणाऱ्यांनी लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावावा, पानांवरची चकाकी जाते.

उशीर झाला आणि वरचे मेपल ओकेबोके झाले, तर दक्षिणेला सरका. तेही हुकलं तर ओक आणि बीच तांबूस होऊन टिकून असतात, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उत्तरेच्या दलदलींतले लार्च सोनेरी होतात. हे सूचिपर्णी असूनही पानं गाळतात. तोवर गर्दीही ओसरलेली असते.