विंगसूट शिकायला परदेशी निघालात? या चुका टाळा

विंगसूट म्हणजे विमानातून उडी मारून हवेत दूरवर तरंगत जाण्यासाठीचा, हातापायांमध्ये कापडी पंख असलेला पोशाख. तो अंगात चढवून बाह्यांच्या चेन ओढल्या की हात डोक्यावर जात नाहीत आणि पायांना धड पाऊलही टाकता येत नाही. पॅराशूटच्या शे-दोनशे उड्यांत हातापायांना लागलेली सवय एका कापडाआड जाते. साध्या उडीत आयत्या वेळी सावरून घेता येतं, ते इथे आधीच ठरवून ठेवावं लागतं. सहलीच्या आखणीलाही हेच लागू आहे. परदेशात फसलेले बहुतेक बेत मी पाहिले ते तिकिटं काढतानाच फसलेले होते.

आकडा सहलीतच गाठायचा बेत

अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नियमानुसार पहिल्या विंगसूट उडीआधी किमान २०० उड्या आणि चालू लायसन्स लागतं. मग कुणीतरी १५० उड्यांवर तिकीट काढतो. दहा दिवसांची रजा, आठ दिवसांत ५० उड्या, उरलेल्या दोन दिवसांत कोर्स, असा हिशेब असतो. दिवसाला सहा-सात उड्या मारून अंग आंबतं, एक-दोन दिवस वारा खातो आणि १९६व्या उडीला माणूस फक्त आकडा मोजत असतो. असं करू नका. उड्या नेहमीच्या ड्रॉपझोनवर (उड्या मारण्याच्या ठिकाणी) पूर्ण करून निघा.

आकड्याइतकंच महत्त्व त्या उड्या कशा मारल्या याला आहे. शेवटच्या तीस-चाळीस उड्या ट्रॅकिंगच्या, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी हवेत आडवं पुढे सरकण्याच्या, ठेवा. एक दिशा धरून, मान न वळवता, हातपाय ताणून सरळ जायचं. ट्रॅकिंगमध्ये डावीकडे सरकणारा माणूस विंगसूटमध्येही डावीकडेच सरकतो, फक्त जास्त लांब जातो.

मधे काही महिने उडी मारली नसेल, तर परदेशातल्या पहिल्या दिवशी सूट बॅगेतच राहू द्या. नवी जागा, नवं विमान, उतरण्याचं नवं मैदान यांची ओळख साध्या दोन-तीन उड्यांत करून घ्या.

जागा फोटो पाहून निवडणं

स्पेनमधलं एम्पुरियाब्रावा समुद्राला लागून आहे, पण तिथे ट्रामोंताना नावाचा उत्तरेचा जोरदार वारा सुटला की उड्या थांबतात. ॲरिझोनातलं एलॉय वाळवंटात आहे. हिवाळ्यात तिथे छान हवा असते, उन्हाळ्यात मात्र जाड सूट घालून विमानाची वाट पाहणं अंगावर येतं. जागा कुठलीही असो, निदान एक तृतीयांश दिवस मोकळे ठेवा. परतीच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी "आता एकदाच" म्हणून मारलेली उडी मला सगळ्यात जास्त धास्ती घालते.

समुद्रकाठी गेल्यावर स्कूबा डायव्हिंगचा मोह होतो. डायव्हिंगनंतर किमान २४ तास उडी नको. विमानाचं दार उघडतं तेव्हा उंची १३,००० फुटांच्या आसपास असते आणि रक्तात विरघळलेला नायट्रोजन तिथे घात करू शकतो.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून काढतो. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या कड्यांवरून लोक विंगसूट घालून झेपावतात, ती बेस जंपिंग आहे, म्हणजे विमानाऐवजी कड्यासारख्या स्थिर जागेवरून मारलेली उडी. शिकण्याची जागा विमान आणि भरपूर उंची हीच.

कागदपत्रं

लायसन्स, लॉगबुक, राखीव पॅराशूट कधी घडी केलं त्याची नोंद, विमा. घडीची मुदत देशोदेशी वेगळी असते. अमेरिकेत ती १८० दिवस आहे, काही देशांत वर्षभर चालते. ड्रॉपझोनला आधी विचारा. विम्याच्या कागदात "स्कायडायव्हिंग" दिसलं म्हणून थांबू नका, विंगसूटचा उल्लेख आहे का ते पाहा. रिग (पॅराशूटची पाठीवरची बॅग) केबिनमध्येच न्या, राखीव पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या यंत्राचं एक्स-रे कार्ड (तपासणीत ते कसं दिसतं ते दाखवणारं) सोबत ठेवा आणि विमानतळावर लवकर पोहोचा.

मोठा सूट, नेहमीचंच पॅराशूट

सूट जेवढा मोठा तेवढा जास्त तरंगेल, हे खरं आहे. तो तेवढ्याच सहज फ्लॅट स्पिनमध्येही (आडव्या अंगाने गरगरण्यात) घालतो, हे विकत घेताना कुणी सांगत नाही. पहिल्या पन्नासेक उड्यांना लहान पंखांचा सूट घ्या, शक्यतो कोर्समधलाच भाड्याने.

पॅराशूट शांत स्वभावाचं हवं. लहान, चपळ कॅनपी (पॅराशूटचं कापड) विंगसूटमागे उघडताना जराशा तिरपेपणानेही दोऱ्यांना पीळ पाडते आणि गरगरू लागते. मुख्य पॅराशूट बाहेर ओढणाऱ्या छोट्या पायलट शूटची पट्टीही लांब लागते, कारण पाठीमागे सुटाने अडवलेल्या हवेची मोठी पोकळी असते. हे बदल रिगरकडूनच (पॅराशूटची घडी-दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाकडूनच) करून घ्या. विंगसूटला आजचं रूप देणारा फ्रेंच स्कायडायव्हर पात्रिक द गायार्दों १९९८ साली हवाईत मरण पावला, तो स्वतःच्या रिगमध्ये केलेला बदल तपासताना. इतका जाणता माणूस. बर्डमॅन कंपनीने सर्वसामान्य स्कायडायव्हरसाठी सूट विकायला घेतले ते त्याच्या पुढच्या वर्षी.

आपोआप उघडणाऱ्या यंत्राच्या भरवशावर राहणं ही त्याहून मोठी चूक. सायप्रेस या अशाच यंत्राचं एक्स्पर्ट मॉडेल साधारण ७५० फुटांवर काम करतं, पण खाली येण्याचा वेग ताशी १२६ किलोमीटरच्या वर असेल तरच. नीट उडणारा विंगसूट ताशी ७० ते १०० किलोमीटरने उतरतो. म्हणजे पंख पसरलेल्या अवस्थेत तुम्ही भान हरपलात, तर यंत्राला धोका दिसणारच नाही. विंगसूटसाठीचं वेगळं मॉडेल मिळतं. ते असलं तरी उंचीची सूचना कानात देणारे दोन अल्टिमीटर ठेवा.

पायांचे पट्टे

इथे थांबून वाचा. साध्या उडीत हार्नेसचे मांड्यांवरचे पट्टे डोळ्यांना दिसतात. विंगसूटमध्ये ते कापडाच्या आत जातात. छातीचा पट्टा लागलेला, सूट अंगाला घट्ट, त्यामुळे सगळं जागच्या जागी आहे असंच वाटतं. पट्टे न लावता उडी मारलेली माणसं हार्नेसमधून निसटून गेली आहेत.

एकदा विमानात चढण्याच्या रांगेत माझ्या पुढच्या मुलीला कोचने थांबवलं. तो गुडघ्यावर बसला, कापडावरूनच तिच्या मांडीवर बोटं फिरवली आणि काही न बोलता तिला बाजूला घेतलं. डावा पट्टा मोकळा होता. सूट चढवताना कुणीतरी तिला हाक मारली होती आणि ती अर्ध्यात थांबून बोलत राहिली होती. ते विमान तिच्याविना गेलं. पुढच्या फेरीला ती आली, तेव्हा स्वतःच तीनदा तपासत होती.

पायांची चेन लावण्याआधी पट्टे डोळ्यांनी पाहा. विमानात चढण्याआधी खांदे वर उचला, मांड्यांवर ओढ जाणवली पाहिजे. दार उघडण्याआधी पुन्हा तेच करा. मधे कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरुवात करा.

हवेत काय बिघडतं

दारातून निघताच पंख उघडणं ही नवख्यांची ठरलेली चूक. तसं केलं तर वारा वर उचलतो आणि विमानाची शेपटी तिथेच असते. पहिले दोन सेकंद पंख मिटलेले ठेवा.

पंख उघडल्यावर हात थरथरू लागले, तर तुम्ही हवेशी झुंजताय. खांदे सैल सोडा, गुडघे ताठ करा. सूट मागेपुढे हेलकावत असेल तर बहुधा गुडघेच वाकलेले असतात. एका बाजूला वळत असाल तर त्या बाजूचा खांदा खाली गेलेला असतो, कारण नजर तिकडे गेलेली असते. गरगरायला लागलात तर सगळे पंख मिटा, गुडघे पोटाशी घ्या. ठरलेल्या उंचीपर्यंत थांबलं नाही तर आणखी प्रयत्न नकोत, पॅराशूट उघडा.

मार्ग जमिनीवर नकाशात आखून घ्या. विंगसूटवाले सहसा शेवटी निघतात, विमानाच्या मार्गापासून काटकोनात बाजूला होतात आणि मग समांतर उलटे येतात. तो मार्ग चुकला तर इतरांच्या उघडलेल्या पॅराशूटांमध्ये शिरण्याचा धोका असतो.

उघडताना आणि उतरताना

पहिल्या उड्यांना साडेपाच हजार फुटांच्या आसपास उघडा. आधी पंख मिटा, मग दोन्ही हात एकाच वेळी मागे. डावा हात तसाच पसरलेला राहिला की अंग तिरपं होतं आणि दोऱ्यांना पीळ पडतो. पायलट शूटची मूठ सापडत नाही अशी तक्रार असेल, तर सूट घालून जमिनीवर पालथं झोपून पन्नास वेळा शोधा. सूट न घालता केलेला सराव इथे कामाचा नाही.

कॅनपी नीट उघडली हे आधी पाहा, मग बाह्यांच्या चेन, मग पायांच्या. पायांची चेन विसरून उतरलात तर धावता येत नाही आणि तोंडावर पडायला होतं. पहिल्या काही उड्यांत मैदानापासून दूर उतरण्याची वेळ येतेच. चार्ज केलेला फोन आतल्या खिशात ठेवा आणि ड्रॉपझोनचा नंबर त्यात आधीच सेव्ह करा.