इमर्जन्सी मेडिसिनची बोर्ड परीक्षा: उजळणी करताना या चुका टाळा

दर वेळी परीक्षेच्या दोन-अडीच महिने आधी जळगाव-धुळ्याकडचे रेसिडेंट डॉक्टर मॉक व्हायवासाठी (तोंडी परीक्षेच्या सरावासाठी) माझ्याकडे येऊन बसतात. मुलं-मुली हुशार असतात, नाइट करून डोळे तांबारलेले असतात, आणि चुका मात्र दर वर्षी त्याच. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्यावर मार्क जातात ते बहुतेक सगळं ही मुलं कॅज्युअल्टीत रोज नीट करत असतात.

परदेशी प्रश्नसंचावरच सगळी भिस्त

आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विषयाला, स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. जिल्ह्याच्या गावी तो शिकवणारे वरिष्ठ अजून मोजकेच आहेत. मग मुलं अमेरिकन प्रश्नसंच घेतात आणि हजारो प्रश्न सोडवतात. छातीत दुखणं, सेप्सिस, ट्रॉमा यांच्यासाठी ते संच खरोखर चांगले आहेत. पण त्यातला साप तिकडचा असतो, आणि त्याची लसही तिकडची.

मागच्या मॉकला एका मुलीला मी सर्पदंश विचारला. ती न अडखळता म्हणाली, "सुरुवातीला लसीच्या चार ते सहा वायल (कुप्या)." तिच्या स्वतःच्या वॉर्डात तिने कितीतरी वेळा दहा वायल लावल्या असतील! खुर्चीत बसल्यावर हाताने केलेलं आठवलं नाही, स्क्रीनवर वाचलेलं आठवलं. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. सुरुवात १० वायलने. टेस्ट डोस द्यायचा नाही. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. हे तीन मुद्दे दर वर्षी कुणीतरी चुकवतंच.

आता माझी गोष्ट. मी रेसिडेंट असताना, पावसाळ्यात, पहाटे साडेचारला केळीच्या बागेत काम करणारा एक माणूस आला. "पोट दुखस," एवढंच सांगत होता. ना ताप, ना उलटी, पोट मऊ. मी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि त्याला कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं. तासाभराने सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हा डोळे का उघडत नाहीये?" मी जाऊन पाहिलं. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. एका श्वासात आकडे मोजायला लावले, तर सातवर थांबला. अंगभर शोधूनही दंशाची खूण सापडली नाही. बायकोला विचारलं तेव्हा कळलं की रात्री जमिनीवरच झोपला होता. श्वासनलिकेत ट्यूब टाकली, लस लावली, कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर काढून तो चालत घरी गेला. त्या दिवशी सिस्टरांची नजर तिकडे गेली नसती तर तो वाचला नसता.

मण्यार अशीच चावते. रात्री, झोपलेल्याला, दुखत नाही, खूण जेमतेम. सकाळी पोटात दुखतं आणि मग पापण्या उतरतात. पेपरातला प्रश्न याच क्रमाने येतो आणि साप हा शब्द त्यात कुठेच नसतो. व्हायवात पुढचा प्रश्नही ठरलेला: निओस्टिग्मिनचा (स्नायूंची ताकद परत आणणाऱ्या औषधाचा) उपयोग नागाच्या दंशात जितका भरवशाचा, तितका इथे का नाही? कारण मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं, नागाच्या विषासारखं पलीकडच्या, स्नायूवरच्या रिसेप्टरला अडवत नाही.

सर्पदंशातली रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणीसुद्धा लोक "करू" म्हणून सोडून देतात. कशी करणार ते सांगा. नवी, कोरडी, काचेची नळी. शिरेतलं ताजं २ मिली रक्त. २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करायची. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि गरज नसताना लस जाते.

माझा उपाय साधा आहे. दोनशे पानी वही. प्रत्येक ड्यूटीनंतर एकच केस. डाव्या पानावर पेशंट जसा आला तसा, निदान न लिहिता. उजव्या पानावर पहिली दहा मिनिटं. वर्षभरात जो प्रश्नसंच तयार होतो तो खानदेशचा असतो: फवारणीचं औषध, विंचू, सातपुड्यातून आलेला सिकलसेलचा मुलगा ज्याच्या छातीत दुखतंय, हायवेवरचा ट्रक. तो कुणी विकत देत नाही.

डोस पाठ, पहिलं वाक्य नाही

कापसावर फवारणी सुरू झाली की ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची विषबाधा झालेले पेशंट आपल्याकडे नेमाने येतात. तरी व्हायवात विचारलं की मुलं एन्झाइमपासून सुरू होतात. कोलिनएस्टरेज, एजिंग, ऑक्सिम... पाच मिनिटं झाली तरी तोंडाला फेस आलेल्या पेशंटला कुणी हात लावलेला नसतो. एक्झामिनर तिथेच मार्क कापतो, आणि बरोबर करतो.

पहिलं वाक्य असं असावं: ग्लोव्ह्ज घालून कपडे काढीन, तोंड सक्शन करीन, ऑक्सिजन लावीन आणि ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) २ मिलिग्रॅम देईन. दर पाच मिनिटांनी छाती ऐकीन, ओली असेल तर डोस दुप्पट. छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, सिस्टॉलिक बीपी ८० च्या वर, काख कोरडी झाली की मग एकूण लागलेल्या डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. "नाडी १३० आहे म्हणून थांबवलं" हे उत्तर ऐकलं की मला राहवत नाही. छाती वाजतेय ना? मग थांबायचं नाही. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्यांवरही जाऊ नका, त्या मागाहून मोठ्या होतात. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याला उशीवरून मान उचलायला सांगा. २४ ते ९६ तासांच्या काळात मान उचलता येईनाशी झाली तर श्वास जाण्याची ती आधीची सूचना असते.

हे वाचून येत नाही. उभं राहून, मोठ्याने म्हणून येतं. मी मुलांच्या हातात रिकामी ॲम्प्युल देते. ॲड्रिनलिनची १ मिलीची: त्यात १ मिलिग्रॅम असतं. ॲनाफिलॅक्सिसला (जीवघेण्या ॲलर्जीला) अर्धी, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. काच बोटात धरून दहा वेळा म्हटलेलं परीक्षेत निसटत नाही.

बाकीच्या चुका

हायलायटरने पान पिवळं करणं म्हणजे उजळणी नाही. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहून बघा.

जुने नोट्स तपासून घ्या. एटीएलएसच्या (अपघातग्रस्तांच्या उपचारांच्या अभ्यासक्रमाच्या) २०१८ च्या आवृत्तीत सुरुवातीचा सलाइन १ लिटरवर आला आणि मोठ्या माणसाच्या टेन्शन न्यूमोथोरॅक्सची (छातीत कोंडलेली हवा काढायची) सुई बगलेच्या बाजूला चौथ्या-पाचव्या फासळीच्या फटीत गेली. अजूनही कित्येक जण २ लिटर आणि कॉलरबोनखालची दुसरी फट लिहितात.

रक्तात पोटॅशियम वाढलं असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट ते कमी करत नाही, हृदय सांभाळतं. कमी करायला इन्सुलिन-ग्लुकोज वेगळं लिहा.

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, तरी उष्माघाताच्या उत्तरात पॅरासिटामॉल लिहिणारे भेटतात. त्याचा उपयोग नाही. तापमान गुदमार्गातून घ्या, काखेतलं धरू नका. ओलं अंग, पंखा, बर्फ, आणि ३९ च्या आसपास आल्यावर थांबा.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या चाळीस पानी "लास्ट मिनिट" पीडीएफ शेवटच्या आठवड्यात उघडू नका. त्या दुसऱ्या कुणाच्या उजळणीच्या असतात. जे तीन वर्षांत वाचलं नाही ते त्या पानांत सापडणार नाही, आणि घाईने शॉर्टकट शोधणारी मुलं तिथेच सगळ्यात जास्त घाबरलेली मी पाहिली आहेत.

डीएनबीच्या (राष्ट्रीय बोर्डाच्या पदव्युत्तर परीक्षेच्या) पेपरात तीन तासांत दहा प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला १८ मिनिटं. घड्याळ लावून, पेनाने, निदान दहा पूर्ण पेपर लिहा. सगळं येऊनही शेवटचे दोन प्रश्न कोरे ठेवून आलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि परीक्षेच्या आधीच्या दोन रात्री ड्यूटी घेऊ नका. रोस्टर लागल्यावर बदल मागितला तर सहकाऱ्यांची अडचण होते, म्हणून आजच विभागप्रमुखांशी बोला आणि त्या दोन रात्रींच्या बदल्यात आधीच्या महिन्यातल्या दोन नाइट स्वतःहून मागून घ्या.