शासनाच्या उत्तरदायित्वावर संशोधन करायचे असेल तर

विकसनशील देशांतील लोकशाही आणि शासनाचे उत्तरदायित्व या विषयात ज्यांना अध्यापन आणि संशोधन करायचे आहे, त्यांनी ‘लोकशाही’ हा मोठा शब्द काही काळ बाजूला ठेवावा, कारण त्यावर भाषण होते, प्रबंध होत नाही. त्याऐवजी शाळेचे अनुदान, गावचा रस्ता किंवा रोजगार हमीची मजुरी असे एखादे मोजता येण्याजोगे आश्वासन निवडावे आणि ते पुरे करण्याची जबाबदारी कोणाची होती, ती न पाळल्याने कोणाचे काही बिघडले का, एवढेच विचारावे.

प्रश्न कसा बांधावा हे शिकण्यासाठी अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांचा इंडोनेशियातील अभ्यास बारकाईने वाचावा. सहाशेहून अधिक गावांत रस्त्यांची कामे चालू असताना त्यांपैकी काही गावांना सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असल्याचे आधीच कळवण्यात आले. एरवी ती शक्यता सुमारे 4 टक्के होती. पुढे अभियंत्यांनी रस्ते ठिकठिकाणी खणून त्यांत प्रत्यक्ष किती माल पडला आहे याचा अंदाज काढला आणि तो कागदावरील खर्चाशी ताडून पाहिला. लेखापरीक्षणामुळे पैशांची गळती सुमारे 8 टक्केबिंदूंनी घटली, मात्र गावकऱ्यांचा सहभाग वाढवण्याच्या उपायाचा सरासरी परिणाम फारसा दिसला नाही. लोकसहभागावर आपल्याकडे असलेल्या श्रद्धेला हा निष्कर्ष मानवत नाही, आणि तो वाचण्याचे मोठे कारण हेच आहे. ब्राझीलमध्ये 2003 पासून सोडत काढून नगरपालिकांचे हिशेब तपासले गेले. 2004 च्या निवडणुकीपूर्वी अहवाल बाहेर आलेल्या ठिकाणी भ्रष्ट महापौरांना फटका बसला आणि स्थानिक रेडिओ असलेल्या भागांत तो अधिक बसला. त्यामुळे माहिती खुली झाली एवढ्यावर न थांबता ती मतदारापर्यंत कोणी पोहोचवली, हेही आपल्या आराखड्यात असावे.

औपचारिक वाट ठाऊक असतेच: राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा लोकधोरणातील पदव्युत्तर पदवी, नेट अथवा महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा, मग पीएचडी. यासोबत संख्याशास्त्र टाळू नये. इतर देशाशी तुलना करायची असल्यास तिथली भाषा शिकण्यास आताच आरंभ करावा.

सरकारी कागद मिळवण्याचा सराव मात्र एम.ए.च्या वर्षांतच व्हायला हवा. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात करावा, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि एकाच विषयाची मागणी 150 शब्दांत बसवावी. ‘कामाची संपूर्ण माहिती मिळावी’ असे लिहिल्यास हाती काही लागत नाही. कामाचे नाव व आर्थिक वर्ष नमूद करून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि देयके यांच्या प्रती नावानिशी मागाव्यात. ‘असे का झाले’ हा प्रश्न अर्जात घालू नये, तो मुलाखतीसाठी राखावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे आणि नकाराची पत्रे तारखेनिशी जपावीत, कारण कोणते कार्यालय काय लपवते हीदेखील संशोधनाची सामग्रीच आहे.

त्यानंतर त्या प्रती घेऊन कामाच्या जागी जावे. केवळ तक्रारदारांशी न बोलता ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि कनिष्ठ अभियंता यांचीही बाजू ऐकावी. निधी उशिरा आला की नोंदी मागाहून कशा भरल्या जातात, हे तेच सांगू शकतात. बोलणाऱ्याची संमती घ्यावी आणि लिहिताना नाव गाळावे. गाव लहान असेल तर नुसत्या पदावरूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा गावाचे नावही बदलावे लागते.