भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घेताना

भाड्याच्या उत्पन्नासाठी पहिला फ्लॅट घेऊ पाहणाऱ्याने साइट पाहायला जाण्याआधी कागदावर हिशेब मांडावा. पुण्यात खराडी-वडगाव शेरीकडचा एक वन बीएचके ६० लाखांना मिळत आहे आणि त्याला महिना १७ हजार भाडे येईल, असे धरू. वर्षाचे २ लाख ४ हजार, म्हणजे ३.४ टक्के, एजंट सांगतो तो आकडा हाच. मात्र ७ टक्के मुद्रांक शुल्क (स्त्रीच्या नावावर खरेदी केल्यास त्यात एक टक्क्याची सवलत आहे), ३० हजार नोंदणी फी आणि ग्रिल, पंखे, गीझर, किचन ट्रॉली यांचे दोन लाख मिळवले की गुंतवणूक साडेसहासष्ट लाखांवर जाते. दोन भाडेकरूंच्या मधला एक रिकामा महिना, सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, रंगकाम आणि दलाली वजा केल्यावर हाती सव्वा लाखाच्या आसपास उरले तरी पुष्कळ झाले. हा परतावा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिले की ती जाते, हेही पुष्कळांच्या हिशेबात नसते.

भाड्यातून कर्जाचा हप्ता फिटेल, ही समजूत तर सोडूनच द्यावी. या किमतीच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते आणि मुद्रांक शुल्क खिशातूनच भरावे लागते. ४८ लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी महिना सुमारे ४१,६०० रुपये हप्ता येतो. म्हणजे भाडे वेळेवर आले तरी दरमहा जवळजवळ २५ हजारांची भर पगारातून घालावी लागेल. निम्मी रक्कम स्वतःची असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या खरेदीसाठी तयार घरच बरे. बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो लागत नाही, शिवाय भाडे लगेच सुरू होते. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींच्या तपासणीचा अहवाल) घ्यावा, सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागावा आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणे) झाले आहे की नाही, हे विचारावे. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते.

खरी काळजी घ्यायची ती भाडेकराराची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रात सर्रास ऐकू येणारे विधान चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ती टाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. केवळ नोटरीचा शिक्का मारून घेतलेला कागद येथे कामाला येत नाही. उलट लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी केवळ वापरायला देण्याचा करार) रीतसर नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही भाडेकरू हलत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार नोंदवण्याचा खर्च किरकोळ आहे: एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील दहा टक्के मानीव (गृहीत धरलेले) व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, अधिक शहरी भागात हजार रुपये नोंदणी फी. आधार व बोटांच्या ठशांवर हे काम घरबसल्या होते.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवावी आणि सोसायटीला कळवावे. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची रक्कम) आकारू शकते. पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. कमिटीने जास्त मागितल्यास हिशेब लेखी मागावा, बहुधा तेवढ्यावर काम होते.

आयकरासाठी वर्षाच्या भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग दुरुस्तीवर प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो. कर्जाचे व्याज त्यानंतर वजा होते. परंतु नव्या करप्रणालीत व्याज भाड्यापेक्षा जास्त झाले, तरी तो तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.