स्वीटकॉर्नची रोपे संक्रांतीनंतर, लागवड मातीचा अंदाज घेऊन

निफाड, येवला, सिन्नर या पट्ट्यात उन्हाळी स्वीटकॉर्न घ्यायचा तर दोन्ही बाजूंनी कात्री असते. थेट शेतात लवकर टोकला तर जानेवारीच्या थंडीत बी कुजते. उशीर केला तर तुरा (पराग देणारा शेंड्याचा फुलोरा) आणि कणसाचे केस नेमके मार्चअखेरच्या कोरड्या उन्हात येतात. पारा ३५ अंशांच्या वर जाऊ लागला की पराग लवकर मरतो, केस वाळतात आणि कणसात दाणे विरळ भरतात. यातून वाट काढायची तर ट्रेमध्ये रोपे करावीत. संक्रांतीनंतर तीन-चार दिवसांत बी टाकायला सुरुवात करायची आणि जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिली रोपे शेतात न्यायची. मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास केस दिसतात आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तोडणी सुरू होते.

साध्या मक्याला एवढी काळजी लागत नाही. तो १० अंशांच्या मातीतही कसाबसा वर येतो. स्वीटकॉर्नचे बी हातात घेऊन पाहा: सुरकुतलेले आणि हलके. त्यात साखर जास्त आणि पिष्ट कमी, म्हणजे कोंबाला पुरणारी शिदोरीच तोकडी. मातीत निदान १६ ते १८ अंशांची ऊब असेल तरच ते जोमाने उगवते. थंड ओल्या मातीत ते नुसते फुगून बसते आणि बुरशीला बळी पडते. बी महाग आहे, त्यामुळे नांगे, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, परवडत नाहीत. बी रात्रभर पाण्यात भिजवू नका, थंडीत त्याने नुकसानच होते. रंग लावलेले बी असेल तर त्यावर बुरशीनाशकाची प्रक्रिया झालेली असते. ते तसेच टाका आणि उरलेले जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

ट्रे ७० कप्प्यांचा घ्या. मिरची-टोमॅटोसाठीचा ९८ कप्प्यांचा ट्रे घरात पडून असतो हे खरे, पण मक्याची मुळे झपाट्याने वाढतात आणि लहान कप्प्यात चार दिवस आधीच गुरफटतात. १० गुंठ्यांना ६० बाय २० सेंटिमीटर अंतराने सुमारे ८,४०० रोपे लागतात. दहा टक्के जादा धरून १३२ ट्रे भरा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून, मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकणार नाही इतपत ओले करा. कप्प्यात एकच बी, दीड ते दोन सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून वर काळा प्लास्टिक कागद झाका आणि उबेच्या खोलीत ठेवा. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उघडून बघा. पहिले कोंब दिसताच त्याच दिवशी ट्रे उजेडात पसरा, नाहीतर रोपे पांढुरकी आणि लांबुडकी होतात. उंदरांचा बंदोबस्त आधीच करा, एका रात्रीत ते ओळीने कप्पे उकरतात.

आता मुख्य गोष्ट. मक्याचे रोप ट्रेमध्ये थांबत नाही. १२ ते १४ दिवसांचे, अडीच-तीन पानांचे रोप लागवडीला उत्तम. १८ दिवसांपुढे त्याला धक्का बसतो. एका वर्षी थंडी हटेना म्हणून मी २४ दिवसांची रोपे लावली होती. ती जगली सगळी, पण कमरेइतकी होण्याआधीच तुरे बाहेर पडले आणि कणसे बोटभर राहिली. खत-पाण्याने ती चूक भरून निघाली नाही. तेव्हापासून मी सगळे बी एका दिवशी टाकत नाही. पाच-पाच दिवसांच्या अंतराने तीन हप्ते करतो. थंडीची लाट लांबली तर फार तर पहिला हप्ता हातचा जातो, बाकीचे दोन वेळेवर असतात.

लागवडीचा दिवस ठरवताना दुपारच्या उन्हावर जाऊ नका. मातीत खुपसायचा थर्मामीटर घ्या आणि सकाळी आठच्या सुमारास १० सेंटिमीटर खोलीवर तापमान मोजा. सलग चार दिवस १५ अंशांच्या वर मिळाले आणि पहाटेचा पारा १० च्या खाली जात नसेल तर लावा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली किमान तापमानाची नोंद जिल्ह्याच्या बातम्यांत येते, ती पाहत राहा. पण नदीकाठचे आणि खोलगट रान त्याच गावात दोन अंशांनी थंड असू शकते, म्हणून स्वतःच्या वावरातली मोजणी खरी धरा. मल्चिंग पेपर अंथरणार असाल तर या हंगामात काळी बाजू वर ठेवा. चंदेरी बाजू ऊन परतवते आणि माती थंड ठेवते.

लावण्याआधी तीन-चार दिवस ट्रेवर सावलीची जाळी (शेडनेट) असेल तर ती काढून रोपांना उन्हा-वाऱ्याची सवय करा, पाणी थोडे आखडते घ्या. लागवड दुपारनंतर, वाफसा असलेल्या, म्हणजे ओल्या पण चिखल नसलेल्या गादीवाफ्यावर करा. कोकोपीटचा गड्डा फुटू देऊ नका आणि तो मातीच्या पातळीखाली बोटभर जाऊ द्या. वर उघडा राहिला तर वातीसारखी ओल ओढून सुकतो. टरबुजाला वापरतो ते क्रॉप कव्हर (पिकावर झाकायचे हलके कापड) तारांच्या कमानींवर पहिले दोन-तीन आठवडे घातले तर थंडीतही वाढ चालू राहते. थंडीने पाने जांभळट झाली तर डीएपी ओतू नका. डीएपीतून मिळणारा स्फुरद (फॉस्फरस) मातीत असतो, गारठलेल्या मुळांना तो उचलता येत नाही इतकेच. ऊब वाढली की पाने हिरवी होतात. शेंडे करपले तरी रोप लगेच उपटू नका, पाच-सहा पाने होईपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीखाली सुरक्षित असतो.

बांधाच्या कडेने एकच लांब ओळ लावू नका, परागीभवन वाऱ्यावर होते. किमान चार-पाच ओळींचा चौकोनी तुकडा करा. शेजारी मुरघासासाठी मका पेरणार आहे का, हे आताच विचारून घ्या. त्याचा तुरा तुमच्या केसांच्या वेळी आला तर स्वीटकॉर्नचे दाणे पिठूळ होतात. २०० मीटरचे अंतर नसेल तर फुलोऱ्यात दोन आठवड्यांचा फरक पडेल अशा तारखा दोघांनी मिळून ठरवा.

क्रॉप कव्हर काढले की दुसऱ्याच दिवसापासून पोंगे, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पाने, तपासायला लागा. लष्करी अळीची पहिली खूण म्हणजे पानावरचे पांढरे खरवडलेले ठिपके. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, अंडीपुंज दिसला की चिरडा आणि सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क थेट पोंग्यात पडेल असा फवारा.