पेसमेकरला येताना शिरांचा इतिहास घेऊन या

पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र, बसवायचा ठरला की घरची मंडळी आधी पैशाचं बघतात. बघाच, योजनेतून होणार असेल तर रेशन कार्ड, आधार, झेरॉक्स सगळं आदल्या दिवशीच जमवा. पण कॅथलॅबची, म्हणजे जिथं पेसमेकर बसवतात त्या खोलीतली, सिस्टर म्हणून माझी पहिली विनंती वेगळीच असते. पेशंटच्या दोन्ही हातांवर, मानेवर, छातीवर आजवर काय काय झालंय, ते एका कागदावर लिहून आणा.

पेसमेकरच्या बॅटरीपासून निघणारी वायर बहुतेकदा डाव्या कॉलरबोनखालच्या शिरेतून हृदयात उतरते. ती वाट प्रत्येकाची मोकळी असतेच असं नाही. डायलिसिसचा फिस्टुला (हातातली शीर धमनीला जोडून केलेली वाट), कधी मानेत घातलेली कॅथेटरची नळी, केमोचा पोर्ट (औषध सोडायला कातडीखाली बसवलेली डबी), स्तनाच्या ऑपरेशनात काढलेल्या काखेतल्या गाठी, जुन्या पेसमेकरची वायर, मोडलेली कॉलरबोन, सगळं लिहा. कागलच्या एका आजींच्या फायलीत फिस्टुल्याचा उल्लेखच नव्हता. बीपीचा पट्टा बांधायला डावा हात धरला आणि मनगटाशी बोटांखाली घरघर लागली. "त्यो हात डायलिसिसचा हाय बाई," आजी म्हणाल्या. म्हणून पेसमेकर उजवीकडून बसवला.

डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, ही वाट बंद निघाली तर पुढं काय? उजवी बाजू असते. मानेतली शीर असते. तिथून वायर कातडीखालून कॉलरबोनवरून खाली आणतात. वरच्या शिरा दोन्हीकडून बंद असतील तर मांडीच्या शिरेतून वायर नेऊन बॅटरी पोटाच्या कातडीखाली ठेवता येते. छाती थोडी उघडून हृदयाच्या बाहेरून वायर शिवता येते. बिनवायरचा, कॅप्सूलसारखा पेसमेकरही सहसा मांडीतूनच हृदयात जातो, पण तो प्रत्येकाला चालत नाही. म्हणून जांघेतले केस का काढता, असं विचारून भांडू नका; वाट बदलायची वेळ आली तर तयारी हवी. सलाइनची सुईही पेसमेकरच्याच बाजूच्या हाताला लावून घेतात, कारण तिथून औषध सोडून शिरेचा फोटो बघतात. किडनीचे रिपोर्ट आणि औषधांची ॲलर्जी त्यासाठीच विचारतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, पाकिटं घेऊन या. ताप, दाताचा पू, अंगावर गळू असेल तर लपवू नका. जंतू वायरीवर बसले तर सगळंच काढावं लागतं. उपाशीपोटी, सांगितलेल्या वेळेला या. साज, मंगळसूत्र, बांगड्या घरीच ठेवा. शर्ट समोरून बटणांचा, सैल आणा, कारण हात वर करून बनियन घालणं काही आठवडे बंद राहील.