ई मेजरच्या एका पकडीतून सहा कॉर्ड्स

गिटारवर नवीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) म्हणजे बोटांची नवी कसरत, असं वाटून बरेच नवशिके दोन-तीन कॉर्ड्सवरच अडकतात. त्यापेक्षा हाताशी असलेली पकड थोडी बदला.

१. ई मेजर धरा (तारा सर्वात बारीक तारेपासून मोजा; फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधला कप्पा): तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट पाचव्या आणि अनामिका चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला.
२. तर्जनी उचला: ई मायनर. ती परत ठेवून अनामिका उचला: ई सेव्हन.
३. ई मेजरची अख्खी पकड एक तार खाली, बारीक तारांकडे सरकवा: ए मायनर. अनामिका उचलली की ए मायनर सेव्हन. तीच अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला टेकवा: सी मेजर. ही अदलाबदल सगळ्यात जास्त घोटा, गाण्यांत ती सतत लागते.

ए मायनर आणि सी वाजवताना सहावी, सर्वात जाड तार छेडू नका.